मागचं माणूस

शरणप्पांना माणसाचं तोंड लक्षात राहत नाही. बैठक राहते. समोर कुणी उभं राहिलं की ते डोळे बारीक करतात, नुसतं हं हं करतात, आणि माणूस गेल्यावर विचारतात, कोण होतं हे? पण तोच माणूस पाठ करून कुठं टेकला, की नाव, गाव, गाडीचा रंग, सगळं सांगतात.

मागं आमच्या गल्लीत एक लग्न होतं. हायस्कूलचे हेडमास्तर आपण होऊन त्यांच्याजवळ आले, नमस्कार केला. अप्पांनी हात जोडले, पण ओळख दिली नाही. मास्तरांना ते लागलं. मग पंगत बसली. मास्तर जरा उजवीकडं कलून, डावा गुडघा वर घेऊन बसले. पलीकडच्या पंगतीतून अप्पा मोठ्यानं म्हणाले, "आरं, हे तर मास्तर. काळी गाडी, मागं उतार काढून दिला होता. मूळव्याध बरी हाय का आता?"

वाढणाऱ्याच्या हातातली पळी तशीच राहिली. तेव्हापासून अप्पा दिसले की मास्तर खाली बसत नाहीत, कितीही वेळ लागो, उभेच राहतात. त्यामुळं अप्पा त्यांना अजून ओळखत नाहीत.

बिदरकडच्या भालकीत कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या गाड्या जिथं वळतात, त्या वळणावर अप्पांचं घर आहे. घरापुढच्या पत्र्याच्या पडवीत त्यांचं दुकान. मोटरसायकलची गादी उतरवायची, रेक्झिन काढायचं, आतला स्पंज हवा तसा कापायचा, लागेल तिथं भरायचा, आणि परत रेक्झिन ओढून द्यायचं, हे त्यांचं काम. नुसतं कव्हर बदलून देणारे गावात पुष्कळ आहेत. बसणाऱ्याच्या अंगाप्रमाणं गादी घडवून देणारे अप्पा एकटेच. म्हणून सगळे त्यांना गादीअप्पा म्हणतात. आमचं घर त्यांच्यापासून तिसरं, तरी कितीतरी वर्षं मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी कुणाशीच फारशी बोलत नाही. पण आमच्या ओट्यावरून पडवी दिसते, आणि अप्पांचं बोलणं पार कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जातं. त्यामुळं त्यांची बरीच माहिती मला बसल्या जागी मिळाली.

गिऱ्हाईक आलं, की ते काय म्हणतंय हे अप्पा ऐकून घेत नाहीत. आधी बसा, मग बोला, एवढंच म्हणतात. कानडी गिऱ्हाईक असलं तर "कुंदरी", उर्दू बोलणारं असलं तर "बैठो", मराठी असलं तर "बसा". आळंदचा एक तुरीचा व्यापारी एकदा उभ्याउभ्याच सांगायला लागला की कंबर धरते, मान धरते, डॉक्टर असं म्हणाला, तसं म्हणाला. अप्पांनी त्याला हातानं थांबवलं. म्हणाले, "तोंडाचं मला कळत न्हाई. बसा."

आणि बसवतात ते गादीवर नव्हे, ज्वारीवर.

त्यांच्याकडं एक अर्धं भरलेलं ज्वारीचं पोतं आहे. गाडी दोन पायांच्या स्टँडवर उभी करून, गादी काढून, तिच्या जागी एक फळी आणि फळीवर ते पोतं पसरून ठेवतात. माणसानं त्यावर गाडी चालवल्यासारखं बसायचं, हँडल धरायचं, एक चहा होईपर्यंत हलायचं नाही. मग अलगद उतरायचं. उतरल्यावर पोत्यात जो खळगा पडतो तो अप्पा बघतात. वाकून बघतात, पलीकडून बघतात, कधी खाली बसून एक डोळा झाकून बघतात. मग बोटानं मोजतात आणि खडूनं गादीवर रेघा मारतात. आधी ते तूर वापरत होते म्हणे. पण तूर घरंगळते, खळगा टिकत नाही. "तूर दगा देती," ते सांगतात, "ज्वारी खरं बोलती."

या ज्वारीवरून घरात भांडण झालेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. वर्ष संपलं की ते पोतं बदलायचं असतं, आणि जुनी ज्वारी दळून आणावी असं अप्पांचं म्हणणं होतं. धान्य टाकायचं कसं? अक्का, म्हणजे त्यांच्या मालकीण, बोलायला फार कमी. पण त्या दिवशी त्या म्हणाल्या की सगळी भालकी जिच्यावर बसून गेली तिची भाकरी माझ्या तव्यावर पडणार नाही. शेवटी ती ज्वारी कोंबड्यांना गेली. कोंबड्या चांगल्या पोसल्या. अप्पांनी ते अक्कांना दाखवूनही दिलं.

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे मागचं माणूस. गाडीवर तुमच्या मागं जे कोण बसतं त्याला घेऊन आल्याशिवाय ते गादीला पातं लावत नाहीत. पुरुष एकटाच आला तर पहिला प्रश्न हाच, मागं कोन बसतंय? बायको, म्हटलं तर, आना. आई, म्हटलं तर, आना. कुणीच बसत नाही, म्हटलं तर मागची अर्धी गादी कापून देऊ का म्हणतात. एकानं चेष्टेत हो म्हटलं. तो चहा पिऊन येईपर्यंत अप्पांनी खरंच कापून ठेवली होती. तो माणूस अजून बायकोला कारण सांगतोय.

एका मुलाचं लग्न ठरलं होतं. वरातीच्या आधी गादी करून पाहिजे होती. अप्पा म्हणाले, नवरीला आण. तो म्हणाला, लग्नाआधी कशी आणू? अप्पा म्हणाले, मग लग्न झाल्यावर ये. फार विनवण्या झाल्या तेव्हा मुलानं आपल्या आईला आणलं, की अंग जवळजवळ सारखंच आहे. ज्वारीवर आई बसली. गादी तिच्या मापाची झाली, आणि अशी झाली की ती बाई गाडीवरून उतरायला तयार होईना. आता मुलगा कुठंही निघाला की आई मागं असते. नवी सून दारात उभी राहून बघते. सून एकदा अप्पांकडं तक्रार घेऊन आली होती. अप्पा म्हणाले, मी आधीच सांगितलं होतं, मागचं मानूस आना म्हनून.

गाव हसायचं ते दुसऱ्याच गोष्टीला. एवढा मागच्या माणसाचा घोर लावून घेणारा माणूस, पण त्यांच्या स्वतःच्या मागं अक्का बसत नाहीत. दोघांना बिदरला जायचं असलं तर अप्पा गाडीवर निघतात आणि अक्का एसटीनं. तिकडं स्टँडवर अप्पा वाट बघत थांबतात. काम झालं की परत तसंच, हे गाडीवर, त्या एसटीनं. कुणी विचारलं तर अक्का म्हणतात, मला वारं सोसत नाही.  अप्पा मात्र दर वर्षी स्वतःच्या गाडीची मागची अर्धी गादी उसवतात आणि नवी करतात. पुढची अर्धी तशीच जुनी, ठिगळाची. हे मी ओट्यावरून बघितलेलं आहे. मला वाटायचं, माल उरत असेल.

आता आमच्या गाडीकडं येते.

आमचा धंदा आठवडी बाजारांचा. परकर, ब्लाउजपीस, रिबिनी, टाचण्या, बायकांचं बारीकसारीक. आमचे मालक गाडी चालवतात, मी मागं एका अंगाला बसते, मांडीवर एक गठ्ठा, दुसरा मागं दांडीला बांधलेला. कधी कमठाण्याकडं, कधी उदगीरच्या वाटेवर सीमेपलीकडच्या गावांत. मी चौथीपर्यंत शिकलेली, चारचौघांत मान वर करून बोलता येत नाही. पण बाजारात पथारी टाकली की मला काय होतं कोण जाणे. बायका माझ्याजवळ बसतात, परकराचं माप कानात सांगतात, मापाबरोबर घरातलंही सांगतात. मी हसते, भाव करते, एखादीला सल्लाही देते. संध्याकाळी पथारी गुंडाळली की मी परत होते तशी. आठवड्यातले बाजाराचे ते चार दिवस माझे आहेत.

आणि ते चार दिवस जायची वेळ आली होती. दोन वर्षांपासून माझं कंबरेच्या खाली दुखत होतं. गाडीवर बसलं की सुरू, आणि गाव येईपर्यंत डावा पाय पार गुडघ्यापर्यंत बधिर. उतरल्यावर मी गाडीला धरून निऱ्या नीट करत असल्याचं दाखवायची. पायात जीव येईपर्यंत निऱ्याच नीट करायची. मालक म्हणायचे, किती ती टापटीप. मी त्यांना सांगितलं नव्हतं. माझी थोरली जाऊ अशीच एकदा म्हणाली होती की कंबर दुखते. भाऊजी चांगले आहेत, त्यांनी तिला म्हटलं, तू शेतावर येऊ नको, घरी आराम कर. तो आराम अजून चालला आहे. ती चुलीपासून न्हाणीपर्यंत आणि न्हाणीपासून चुलीपर्यंत आराम करते. मला तो आराम नको होता. मालकही चांगले आहेत, तेही तेच म्हणतील, याचीच मला भीती होती.

पावसात आमच्या गाडीच्या गादीचं रेक्झिन फाटलं, पाणी आत गेलं, म्हणून मालक ती अप्पांकडं घेऊन गेले. फक्त कव्हर बदला म्हणाले. मागं कोण बसतंय विचारल्यावर त्यांनी तीन घरं पलीकडं बघून मला हाक मारली. मी गेले आणि खांबाला टेकून उभी राहिले.

अप्पांनी रेक्झिन सोडवलं. स्पंज उघडा झाला तसे ते बोलायचे थांबले. अप्पा बोलायचे थांबले की गिरणीवालासुद्धा बाहेर येऊन बघतो. त्यांनी स्पंजावरून तळहात फिरवला. मागचा डावा कोपरा, दांडीजवळचा, भाकरीसारखा चपटा झाला होता. बाकी सगळी जागा फुगलेली, नव्यासारखी. पुढच्या माणसाच्या जागेला त्यांनी हातही लावला नाही.

"दिगंबर," ते मालकांना म्हणाले, "मागची एवढी गादी सोडून ही पोरगी कोपऱ्यात बसायली. गादीनं हिचं काय वंगाळ केलं?"

मालक हसले. म्हणाले, तिला सवयच आहे, घरातसुद्धा कोपऱ्यातच बसते. मी खाली बघितलं. अप्पांनी एकदा माझ्याकडं बघितलं, म्हणजे मी कशी टेकले आहे ते बघितलं, आणि मालकांना चहा सांगायला पाठवलं.

मालक वळणापलीकडं गेल्यावर ते हळू बोलले. त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. म्हणाले, दुखायलंय न्हाई का? मी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते मलाच ठाऊक नाही. मग ते हातातल्या पात्यावर बोट फिरवत सांगत राहिले. आधी ते खेडोपाडी फिरून जीपच्या गाद्या शिवायचे, पार आळंदपर्यंत. गाडीवर मागं हत्यारांची पेटी बांधलेली, पेटीच्या आणि त्यांच्या मधे अक्का. अशी कितीतरी वर्षं गेली. "कसं वाटायलंय म्हनून मी एकदाबी इचारलं न्हाई," ते म्हणाले. "गाडी चालवनाऱ्याला मागचं दिसत न्हाई, पोरी." ती गाडी विकायच्या आधी त्यांनी गादी उघडली, तर मागच्या जागेचा पुढचा काठ दगडासारखा झालेला आणि बाकीचा स्पंज कोरा. त्या रात्री त्यांनी अक्कांना विचारलं. अक्का म्हणाल्या, काही न्हाई. मग नव्या गाडीला त्यांनी तो पुढचा काठ मऊ करून दिला. अक्का एकदा बसल्या, गावाच्या नाक्यापर्यंत गेल्या, उतरल्या, आणि चालत घरी आल्या. त्यानंतर एसटी. अप्पा दर वर्षी तो काठ आणखी मऊ करतात. अकरा वेळा केला.

"तिनं सांगितलं न्हाई, पन स्पंजानं सांगितलं," ते म्हणाले. "मीच उशिरा ऐकलं. तुझं मी येळेवर ऐकतो."

मी म्हटलं, यांना सांगू नका. इतक्या वर्षांत त्यांच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य ते. अप्पा म्हणाले, मी कामून सांगू? चूक गादीची हाय. आणि मालक चहा घेऊन आले तेव्हा त्यांना बजावून सांगितलं की ही गादी बनवणाऱ्यानं जन्मात बाई बघितलेली नाही. सगळी गादी पाय दोन्हीकडं टाकून बसणाऱ्याची. लुगडं नेसून एका अंगाला बसणारीचा त्यानं विचारच केला नाही. त्यामुळं कव्हर बदलून चालणार नाही, गादीच बदलावी लागेल, आणि ज्वारीवर बसावं लागेल.

भर रस्त्यावर, पुरुषांच्या देखत, पोत्यावर बसायचं. मी घराकडं वळलेच होते. तेवढ्यात अक्का आतून एक चादर घेऊन आल्या आणि पडवीच्या दोन खांबांना बांधून आडपडदा केला. अप्पांना आणि मालकांना पलीकडं उभं केलं. चहा होईपर्यंत मी बसले. अक्का चादरीजवळ उभ्या होत्या, माझ्याकडं बघत नव्हत्या. मी उतरल्यावर त्यांनी खळगा बघितला, मग चादर सोडली.

ज्वारीतही तोच मागचा डावा कोपरा खोल होता. अप्पा खूश झाले. दोघांचं एकच म्हणणं पडलं, म्हणाले, स्पंजाचं आणि ज्वारीचं. त्यांनी तो कोपरा कापला, नवा मऊ स्पंज भरला, वरून नवं रेक्झिन ओढलं.

बुधवारी बाजार करून आलो. दुखणं वाढलं होतं. अप्पांनी विचारलं, कसं हाय? मी म्हटलं, बरं आहे.

त्यांनी पोतं काढलं, चादर बांधली, बसवलं, बघितलं. कोपरा आणखी खोल. त्यांनी आणखी मऊ केलं. पुढच्या बाजाराहून आले तेव्हा मला उतरताच येईना. मालकांनी हात दिला. अप्पांनी विचारलं, कसं हाय? मी म्हटलं, बरं आहे.

तिसऱ्या खेपेला अप्पांची झोप उडाली होती. त्यांनी इतर गिऱ्हाइकं परत पाठवली होती. कारखान्याच्या एका साहेबाची गादी चार दिवस उघडी पडली होती आणि साहेब गाडीवर पोतं टाकून फिरत होते. अप्पा आमच्या गादीपुढं उकिडवे बसून तिच्याशीच भांडत होते. मी ज्वारीवरून उतरले, अक्कांनी चादर सोडली, आणि अप्पांनी खळग्यात हात घातला तर तो मनगटापर्यंत गेला.

ते मालकांच्या देखत म्हणाले, "ज्वारी एक बोलायली, तू एक बोलायलीस. दोघींतलं कोन खोटं?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मग गादीकडं. मग पुन्हा माझ्याकडं, आणि या वेळी माझ्या पायाकडं. मी गाडीला धरून उभी होते आणि माझा हात आपोआप निऱ्यांकडं गेला होता. ते म्हणाले, "तुला दुखायलंय का?"

मला वाटलं, आता संपलं. नाही म्हटलं तर ही गादी अशीच चुकत जाणार आणि एक दिवस मी रस्त्यातच पडणार. हो म्हटलं तर उद्यापासून चूल. दोन्हीकडून घरच. मग मला अप्पांचा हात दिसला, तो अजून त्या खळग्यातच होता, नको त्या जागी. तो माणूस तीन आठवडे माझ्यासाठी चुकीच्या जागी खपत होता, आणि ती जागा फक्त मला ठाऊक होती.

"व्हय," मी म्हटलं. "पन कोपऱ्यात न्हाई. मधी. मधी हाडाला खालचा पत्रा लागतो. म्हनून मी कोपऱ्यात पळते."

 अप्पांनी खळग्यातून हात काढला. "म्हंजे कोपरा मऊ केला की..."

"आनखी खचतो. मी कलते, आन् मधला पत्रा जास्तच लागतो."

मी एवढं सलग बोललेलं आमच्या गल्लीत कुणी ऐकलं नव्हतं. अप्पा खाली बसले. त्यांनी स्पंजाचा मधला भाग, तो फुगलेला, नव्यासारखा दिसणारा, अंगठ्यानं दाबला. आतून तो नुसता भुसभुशीत होता, अंगठा सरळ पत्र्याला टेकला. वरून चांगला दिसत होता, कारण त्याच्यावर कुणी बसलंच नव्हतं.

मालक मला म्हणाले, "दोन वर्सं कामून बोलली न्हाईस?"

मी खरं सांगितलं. म्हटलं, तुम्ही मला घरी बसवलं असतं, वैनींसारखं.  बराच वेळ ते पोत्याचं तोंड बांधत राहिले, जे आधीच बांधलेलं होतं. मग अप्पांना म्हणाले, "बुधवारी बाजार हाय आमचा. तवर मधलं व्हईल का? न्हाई झालं तर आमी दोघं बशीनं जाताव."

दोघं, असं म्हणाले. मी ते दोनदा मनात म्हणून बघितलं.

 अप्पा आमच्या गादीकडं बघतच नव्हते. भिंतीजवळ त्यांची स्वतःची गाडी उभी होती, तिच्या मागच्या अर्ध्या गादीकडं बघत होते. त्या गादीचा पुढचा काठ अकरा वेळा मऊ करून इतका मऊ झाला होता की रिकामी असतानाही ती पुढं झुकलेली दिसायची. त्यांच्या हातातला खडू मोडला. मोडलेले दोन्ही तुकडे ते हातातच धरून राहिले.

अक्का चादरीची घडी घालत होत्या. घडी पूर्ण करून त्यांनी ती उंबऱ्यावर ठेवली.

"माझंबी तसंच व्हतं," त्या म्हणाल्या. "पेटीचा कोपरा पाठीत रुतायचा. म्हनून मी पुढं सरकून काठावर बसायची. काठावर दुखत नव्हतं."

अप्पा त्यांच्याकडं बघत होते. म्हणजे तोंडाकडं. मी त्यांना कुणाच्या तोंडाकडं इतका वेळ बघताना तेव्हाच पाहिलं.

"आता पेटी न्हाई," ते म्हणाले. 

"पेटी न्हाई. पन तुमी काठ मऊ केला. बसलं की मी घसरून तुमच्या पाठीवर येते. भर रस्त्यानं, या वयात. लोक काय म्हनतील?" अक्कांनी पदर सारखा केला. "आन् इतकं मन लावून करायलाव. कसं सांगायचं?"

गिरणीवाला बाहेर आला होता. मालकांनी त्याला हातानंच आत जायला सांगितलं.

अप्पा उठले, आपल्या गाडीजवळ गेले आणि गुडघ्यांवर बसले. कुठं पाहिजे, एवढंच त्यांनी विचारलं. अक्का पडवीची पायरी उतरून आल्या. त्यांनी मागच्या गादीवर तळहात ठेवला, जरा मागं सरकवला, मग दोन बोटं टेकवली. हितनं पुढचं उचला, म्हणाल्या, पुढं झुकायला नको.

अप्पांनी खडूच्या तुकड्यानं रेघ ओढली. रेघ वाकडी आली. त्यांनी ती बाहीनं पुसली आणि पुन्हा दाखव म्हणाले. अक्कांनी पुन्हा बोटं टेकवली. या वेळी काढली नाहीत. अप्पांनी त्यांच्या बोटांच्या कडेकडेनं, हळूहळू, खडू फिरवला.